तुटीच्या वर्षाचे पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवत. मला बोलावताना संयोजकांनी एकच अट घातली : आकडे टाळू नका, गुरुजींना ते चालले नसते. त्यामुळे आज थोडी बेरीज-वजाबाकी होईल. माझी उमेदीची वर्षे पाटबंधाऱ्याच्या कामात गेली. म्हणून मी बोलणार आहे ते ओळखीच्या पाण्याबद्दल. त्र्यंबकच्या डोंगरापासून पैठणपर्यंतची गोदावरी, तिच्यावरची आणि दारणा, कादवा, प्रवरा, मुळा या नद्यांवरची धरणे, आणि त्या धरणांच्या खाली पर्जन्यछायेत राहणारी माणसे.

सांगायची गोष्ट एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. या खोऱ्यात दर चार-पाच वर्षांनी तूट येते आणि ती येतच राहणार. तुटीच्या वर्षी कोणी किती सोसायचे, हे आपण तूट आल्यावर ठरवायला बसतो. तोपर्यंत ज्याच्या धरणात पाणी आहे तो ते धरून बसलेला असतो, आणि ज्याच्या धरणात नाही तो रस्त्यावर उतरलेला असतो. दोघांचीही पिके उभी असतात. अशा वेळी न्यायाने बोलणे कोणालाच परवडत नाही. हा हिशेब भरल्या धरणाच्या वर्षी, आकड्यांनिशी आणि सगळ्यांसमोर करून ठेवला पाहिजे. पुढचे सगळे बोलणे याच मुद्द्यासाठी आहे.

आधी पाऊस कुठे पडतो ते पाहू. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तिथून पूर्वेकडे निघालात तर दोन तासांच्या आत तुम्ही सिन्नर-कोपरगावच्या पट्ट्यात येता, आणि तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. गोदावरीचे पाणी पश्चिमेच्या एका अरुंद पट्टीत, पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत पडते, आणि ज्यांना त्याची गरज आहे ते सगळे त्या पट्टीच्या बाहेर राहतात. 2019 साली हे अगदी डोळ्यांनी दिसले. जुलैपर्यंत पैठणचा नाथसागर जलाशय मृतसाठ्यात होता. ऑगस्टमध्ये नाशिककडे धो धो पाऊस झाला आणि काही दिवसांत धरण भरत आले. त्याच वेळी मराठवाड्यातल्या कित्येक गावांत टँकर चालू होते. धरणाच्या भिंतीवर उभे राहून पाहिले तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला करपलेले सोयाबीन, अशी ती स्थिती होती.

या नाथसागराचे म्हणजे जायकवाडीचे माप नीट समजून घेऊ. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. हैदराबाद राज्याच्या काळातल्या मूळ आखणीत धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावी व्हायचे होते. पुढे जागा पैठणला आली, नाव मात्र तेच राहिले. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, 27 दरवाजे. एकूण साठा 102 टीएमसीच्या पुढे, त्यातला जिवंत साठा साडेशहात्तर टीएमसी आणि मृतसाठा 26. डावा कालवा 208 किलोमीटर चालत परभणी जिल्ह्यात जातो. उजवा 132 किलोमीटरचा, तो बीडकडे वळतो आणि माजलगावच्या जलाशयालाही पाणी पुरवतो. दोन्ही मिळून एक लाख ऐंशी हजार हेक्टरहून अधिक सिंचन कागदावर आहे.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच 2,832 कोटी लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जायकवाडीचा एक दोष जन्मजात आहे. पैठणजवळ जमीन सपाट आहे, खोल दरी नाही, त्यामुळे पाणी पसरते. भरलेल्या नाथसागराचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे. या पसाऱ्यावरून एक सेंटिमीटर पाणी उडाले की 35 लाख घनमीटर, म्हणजे 350 कोटी लिटर गेले. आठ सेंटिमीटर उडाले की एक टीएमसी संपला. उन्हाळ्यापर्यंत तलाव आक्रसतो, पसारा कमी होतो, तरी आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात दिवसाला पाऊण सेंटिमीटर उडणे ही नित्याची गोष्ट आहे. वर भंडारदऱ्याला दरी खोल, तलाव अरुंद, डोंगराची हवा थंड. तिथे साठवलेले पाणी जास्त टिकते. तेव्हा पाणी वरच ठेवा, लागेल तसे खाली सोडा, हे तंत्राच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरले असते. पण त्यासाठी खालच्याचा वरच्यावर विश्वास पाहिजे. तो नाही, म्हणून खालचा म्हणतो : उडून गेले तरी चालेल, माझे पाणी माझ्या धरणात आणून टाका. अविश्वासाची ही किंमत खोऱ्यातली सगळीच माणसे मोजतात. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

आता वरच्या बाजूची गोष्ट. ती इथे, मराठवाड्यात उभे राहून सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपण ती ऐकत नाही. दारणा धरण 1916 चे, भंडारदरा 1926 चे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भीषण दुष्काळांनंतर इंग्रज सरकारने दख्खनच्या अवर्षणी टापूत कालवे काढले, ते दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. थोडे थोडे पाणी पुष्कळ गावांना, अशी कल्पना होती. पण पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेईना, पाणीपट्टी बुडू लागली, कालव्यांचा खर्च निघेना. मग सरकारनेच उसाला हात दिला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या काळी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. त्यांनी आणलेली ब्लॉक पद्धत हा त्यातला मधला मार्ग होता : गावाच्या शिवारात ठरावीक ब्लॉकमध्येच ऊस, बाकी पाणी हंगामी पिकांना. ही मर्यादा पुढे सैल होत गेली. कालव्याच्या पाण्यावर प्रवरेच्या काठी कारखानदारी उभी राहिली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तिथे सहकारी साखर कारखाना काढला, त्यातून शाळा, दवाखाने, पतसंस्था निघाल्या. तीन पिढ्यांचे आयुष्य त्या पाण्यावर उभे आहे. त्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला उद्या उठून तुझे पाणी चोरीचे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि निरुपयोगीही.

आणि वर सगळेच बागायतदार आहेत हेही खरे नाही. प्रवरेवरचाच निळवंडे प्रकल्प 1970 साली मंजूर झाला. त्याच्या डाव्या कालव्यात पाणी सोडण्याचा समारंभ झाला 26 ऑक्टोबर 2023 रोजी. मधल्या 53 वर्षांत अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगावच्या जिरायती गावांतली एक अख्खी पिढी वाट पाहून म्हातारी झाली. धरण दिसत होते, पाणी दिसत होते, शेतात येत नव्हते. पैठणच्या कालव्याच्या शेवटी असलेला आपला शेतकरी आणि निळवंड्याच्या लाभक्षेत्रातला हा शेतकरी यांचे दुःख तंतोतंत एक आहे. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा ही वाटणी निवडणुकीला सोयीची असेल, पण पाणी तशी वाटणी ओळखत नाही. बागायत आणि जिरायत, कालव्याचे तोंड आणि कालव्याचे शेपूट, विहिरीत पाणी असलेला आणि टँकरची वाट पाहणारा, अशी खरी वाटणी आहे, आणि ती प्रत्येक तालुक्याच्या पोटातून जाते.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम 2005 सालचा. त्याच्या कलम 12 मधल्या सहाव्या पोटकलमाच्या ‘क’ खंडाची मी अनेकदा पारायणे केली आहेत, कारण पाण्याच्या कायद्यांत इतके माणुसकीचे वाक्य क्वचित सापडते. त्याचा आशय असा : खोऱ्यातल्या टंचाईची झळ सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी, म्हणून दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सर्व धरणांचे साठे असे नियंत्रित करावेत, की खरिपातला वापर धरून प्रत्येक धरणातल्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील. कायद्याने झळ वाटायला सांगितली आहे. पाणी भरपूर असताना वाटून घ्यायला कायदा लागत नाही.

पण हे कलम वापरायचे कसे, याचे कोष्टक कित्येक वर्षे नव्हते. 2012 च्या दुष्काळाने प्रश्न ऐरणीवर आला. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने 2013 मध्ये अहवाल दिला, आणि त्यात पहिल्यांदा पाऊस कसा झाला त्यानुसार वरच्या कोणत्या धरणसमूहाने किती साठा ठेवावा याची कोष्टके आली. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा हिशेब करायचा आणि खरिपाचा वापर धरून तो 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, हा नियम त्यातूनच आला. प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये तशी दिशा दिली, आणि 2016 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. या कोष्टकावर दोन्हीकडून आक्षेप आहेत, त्याचा फेरविचारही सुरू आहे. व्हावाच. आकडा 65 असावा की त्याहून कमी, यावर अभ्यासू माणसांत मतभेद असू शकतात. पण आकडा आहे, तो आधी ठरलेला आहे आणि छापलेला आहे, ही गेल्या पन्नास वर्षांतली खोऱ्यातली सर्वांत मोठी प्रगती आहे असे मी मानतो.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. 2015 साली 12.84 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, 2018 साली जवळपास 9 टीएमसीचा, 2023 साली 8.6 टीएमसीचा. 2023 चा आदेश 30 ऑक्टोबरचा आहे. पाणी सुटले नोव्हेंबरचा चौथा आठवडा उजाडल्यावर. मधल्या दिवसांत वर कोर्टकचेऱ्या, खाली रास्ता रोको. आदेश आणि पाणी यांच्यामध्ये जो काळ जातो त्यात रब्बीची पेरणी निघून जाते. म्हणजे पाणी मिळते, पण ज्या हंगामासाठी मागितले त्याला ते उपयोगी पडत नाही.

नोव्हेंबरात कोरड्या नदीत सोडलेले पाणी कसे चालते, ते मी काठावर उभा राहून पाहिले आहे. आधी काठचे कृषिपंप बंद राहावेत म्हणून वीज तोडतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, तिथे पोलीस बसवतात, कारण रात्रीतून फळ्या परत बसवल्या जातात. मग धरणाचे दरवाजे उचलतात. पाणी येते म्हणजे लाट येत नाही. वाळूवरून एक ओली रेघ पुढे सरकते, तिच्या तोंडाशी फेस, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या. डोह आला की रेघ थांबते. तो डोह भरेपर्यंत, कधी निम्मा दिवस, पुढे काहीच जात नाही. डोह भरला की त्याच्या ओठावरून पाणी घरंगळते आणि परत वाळूत शिरते. वाळू पिते, काठच्या विहिरी पितात, मग नदी चालू लागते. वैजापूर तालुक्यात नागमठाणला मापनकेंद्र आहे. तिथल्या पट्टीवर पाणी चढले की पैठणला फोन जातो. काठावर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडाकडे बघवत नाही. एकाची कांद्याची रोपे डोळ्यांदेखत वाळत असतात आणि वीज तोडलेली असते. त्याच्या पुढ्यातून पाणी चाललेले असते, आणि ते मराठवाड्यात कोणाच्या तरी पिण्याचे आहे हे त्याला माहीत असते, पटलेलेही असते. तरी त्याची रोपे वाळत असतात.

हे पाहिल्यापासून माझे मत पक्के झाले आहे, की पाणी नोव्हेंबरात सोडावे लागणे हेच मुळात व्यवस्थेचे अपयश आहे. कायद्याने ऑक्टोबरअखेर साठे सारखे असावेत असे म्हटले आहे. ते नोव्हेंबरात सारखे करायला घ्या असे म्हटलेले नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात नदी ओली असते, डोह भरलेले असतात, वाळू तृप्त असते. त्या वेळी वरून सोडलेले पाणी फारशी गळती न होता पैठणला पोचते. प्रत्येक धरणाला जलाशय परिचलन सूची असते : कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची, जास्तीचे पाणी कधी सोडायचे. आज ती प्रत्येक धरणाची वेगळी आहे, आणि प्रत्येक अभियंता आपले धरण आधी भरून घेतो. त्याला दोष देता येत नाही. सप्टेंबरात पाऊस येईल की नाही, हे त्याला कोण सांगणार? धरण रिकामे राहिले तर जाब त्यालाच विचारला जाईल. म्हणून सूची खोऱ्याची हवी. गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण, भंडारदरा, निळवंडे, मुळा आणि जायकवाडी हे सगळे मिळून एकच जलाशय आहे असे धरून, जुलैपासून दर पंधरवड्याला कोणात किती टक्के असावे हे ठरले पाहिजे. पाऊस पुढे चांगला झाला तर सगळीच भरतील. न झाला तर सगळीच सारखी उणी राहतील, आणि नोव्हेंबरात कोणाची वीज तोडावी लागणार नाही.

या एकत्रित सूचीचा दुसरा उपयोग पुरात आहे. ऑगस्ट 2006 मध्ये नाथसागरातून दोन लाखांहून अधिक क्युसेकने पाणी सोडावे लागले आणि पैठण शहर पाण्याखाली गेले. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या अतिवृष्टीत पुन्हा दोन लाखांच्या वरचे विसर्ग झाले. अवर्षणप्रवण प्रदेशात पूर येत नाही हा भ्रम आहे. आपल्याकडे पाऊस येतोच मुळी लहरी, कमी दिवसांत आणि एकदम. तुटीचे कोष्टक आणि पुराचे कोष्टक वेगवेगळ्या टेबलांवर बसून करता येत नाहीत.

आता पाणी कुठे जाते ते पाहू. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले. मांजरा धरण कोरडे पडले होते, शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. मिरजेहून पहिली गाडी दहा वाघिणी घेऊन आली, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. लातूर शहराची लोकसंख्या तेव्हा चार लाखांच्या आसपास. माणशी सव्वासहा लिटर. ज्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी आणि मिरजेच्या लोकांनी हे काम केले त्यांचे उपकार लातूरकर विसरणार नाहीत. पण मघाचा टीएमसीचा आकडा आठवा. एक टीएमसी पाणी अशा गाडीने आणायचे तर 11,300 हून अधिक खेपा लागतील. रोज एक खेप केली तर 31 वर्षे. संकटात जीव जगवण्यासाठी गाडी ठीक आहे, पण ती पाणीपुरवठ्याची व्यवस्था होऊ शकत नाही.

आणि आता दुसरा भागाकार. एक हेक्टर उसाला, मोकाट पाटपाण्यावर, सुमारे 25 हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे अडीच कोटी लिटर, म्हणजे पन्नास वाघिणींच्या दहा गाड्या. ज्या जिल्ह्यात आपण रेल्वेने पाणी आणले, त्याच जिल्ह्यात एकेक हेक्टर ऊस वर्षाला अशा दहा गाड्या पीत होता. राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा निम्म्याहून कितीतरी जास्त, हे कृषिमूल्य आयोगापासून सगळ्यांनी सांगून झाले आहे. मी ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देत नाही. ज्या पिकाला खरेदीदार ठरलेला आहे, भाव कायद्याने बांधलेला आहे आणि जे गारपिटीतही उभे राहते, ते पीक माणूस घेणारच. तुरीला, हरभऱ्याला, करडईला तशी खात्री द्या, मग बोला. पण सरकारला मात्र दोष आहे. 1979 सालीच वि. म. दांडेकर, देऊस्कर आणि दत्ता देशमुख यांच्या समितीने दख्खनच्या कालव्यांवर आठमाही पाणी द्यावे असे सुचवले होते. पावसाळा आणि हिवाळा एवढेच पाणी, उन्हाळ्यात कालवा बंद. एवढे केले असते तर तेच पाणी कितीतरी अधिक कुटुंबांना पुरले असते. अहवाल निघाला, चर्चा झाली, आणि उन्हाळी आवर्तने चालू राहिली. गेल्या काही वर्षांत ठिबक वाढले, ही चांगली गोष्ट आहे, पण ठिबकाने वाचलेले पाणी शेजारच्या शेतात नवा ऊस लावायला गेले तर धरणात काहीच शिल्लक राहत नाही.

कालव्याच्या शेपटाकडे जरा थांबतो. डाव्या कालव्याच्या परभणीकडच्या टोकाला एका चारीवर मला एक बाई भेटल्या होत्या. नमुना नंबर सातचा पाणीअर्ज, त्याची पावती, मागच्या तीन हंगामांच्या पट्टीच्या पावत्या, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट घड्या घालून ठेवलेले. पट्टी भरलेली, थकबाकी नाही. पोटचारीत मात्र गवत आणि बाभळीची रोपे गुडघ्याएवढी. पाणी किती वर्षांत आले नाही ते ती रोपेच सांगत होती. वर पाटाला पाइप टाकलेले, दारे मोडलेली, मोजमापाच्या पट्ट्या गंजून गेलेल्या. पाटकऱ्यांच्या जागा रिकाम्या, एका माणसाकडे चार माणसांचा टापू. त्या बाईंनी मला विचारले, “साहेब, धरणातून सुटलं हे पेपरात येतं. आमच्यापर्यंत पोचलं का, हे कुठं लिहितात?” आपल्याकडे ते कुठेच लिहीत नाहीत. धरणाच्या दरवाजाशी दशांशापर्यंत मोजणी होते आणि चारीच्या तोंडाशी अंदाज होतो.

हे बदलता येते, आणि याच खोऱ्यात बदलले आहे. दिंडोरी तालुक्यात वाघाड नावाचे मध्यम धरण आहे, त्याचेही जास्तीचे पाणी शेवटी नाथसागरातच येते. नव्वदीच्या सुरुवातीला ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था काढल्या. ते कालव्याच्या शेपटाचे लोक, त्यांना पाणी पोचत नव्हते. खात्याशी करार करून त्यांनी आपल्या वाट्याचे पाणी घनमीटरने मोजून घ्यायला सुरुवात केली. बाणगंगेवरच्या जुन्या बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी भरल्या आणि विहिरीच्या पाण्याचीही पट्टी लावून घेतली. मग वरच्या गावांना पटवले, एकेक करत सगळ्या कालव्यावर संस्था झाल्या, आणि पूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या महासंघाकडे आले. तिथे पाणी शेपटाकडून तोंडाकडे देतात : शेवटच्याचे भरणे झाल्याशिवाय पहिल्याची पाळी येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला धरणात किती आहे, पिण्याचे किती राखायचे, उरले त्यात प्रत्येक संस्थेला किती, हे सर्वांसमोर ठरते. धरण निम्मेच भरले तर सगळ्यांचा कोटा निम्मा. मग ज्याने त्याने ठरवायचे, निम्म्या पाण्यात द्राक्ष जगवायचे की गहू करायचा. मोठ्या खोऱ्यासाठी कायद्यात जे लिहिले आहे ते एका छोट्या धरणावर साध्या शेतकऱ्यांनी करून दाखवले आहे. 2005 साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदाही झाला, पण बहुतेक ठिकाणी संस्था नोंदल्या गेल्या, चाऱ्या दुरुस्त करून दिल्या गेल्या नाहीत, आणि मोडक्या चारीवर कोणती संस्था चालणार?

शहरांबद्दल थोडक्यात बोलतो. पिण्याचे पाणी आधी, हे सर्वमान्य आहे. पण आपल्या शहरांच्या पाण्याचा हिशेबही शेताच्या हिशेबासारखाच ढिला आहे. छत्रपती संभाजीनगर पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. धरण तुडुंब असतानाही त्या शहरात अनेक वसाहतींना वर्षानुवर्षे आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी येत आले. धरणात पाणी असते, 700 आणि 1400 मिलिमीटरच्या जुन्या नळांतून ते शहराला पुरेल इतके येत नाही, जे येते त्यातले गळते, आणि गरीब वस्तीत बाई ड्रमभर पाण्याला टँकरवाल्याचा भाव देते. नवी 2500 मिलिमीटरची जलवाहिनी आवश्यकच आहे. तिच्यासोबत प्रत्येक जलकुंभाला मीटर हवेत, आणि वापरलेले पाणी शुद्ध करून वाळूज-चिकलठाण्याच्या उद्योगांना देण्याची सोय हवी, म्हणजे तेवढे गोड पाणी धरणात राहील. सोलापूरला तर वर्षानुवर्षे उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडून औज-टाकळीच्या बंधाऱ्यांतून उचलत आलो. शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी नदीत घालावे लागे. तिथे नळ हाच उपाय होता आणि तो फार उशिरा आला.

भूगर्भाचा आधार आपल्याला फारसा नाही, कारण खाली काळा कातळ आहे. त्याच्या फटींत मावेल तेवढेच पाणी मुरते आणि पाच-सातशे फुटांच्या बोअरने आपण ते नातवंडांच्या वाट्याचेही उपसतो. म्हणून धरणांचा हिशेब चुकला की आपल्याकडे दुसरी शिल्लक नसते.

तेव्हा मागण्या काय कराव्यात? वरून पाणी आणा ही मागणी आपण पन्नास वर्षे करत आलो, कोकणाकडे वाहणारे पाणी वळवण्याच्या योजनाही कागदावर आहेत. त्यातले व्हायचे ते होवो. पण जे पाणी आले त्याचे मोजमाप ही मागणी मात्र आपण कधी नेटाने केली नाही. नाशिकपासून पैठणपर्यंतच्या धरणांची एकत्रित परिचलन सूची दरवर्षी 30 जूनपूर्वी मराठीतून छापून ग्रामपंचायतींना मिळावी. प्रत्येक चारीच्या तोंडाशी मापनपट्टी असावी, आवर्तन संपल्यावर आठ दिवसांत कोणत्या चारीला किती घनमीटर पाणी गेले याचा तक्ता चावडीवर लागावा. रिकाम्या पाटकऱ्यांच्या जागा भराव्यात, नाहीतर ते काम आणि त्याचा पैसा पाणीवापर संस्थेला द्यावा. उन्हाळी आवर्तन हवे की नको यावर मतदान व्हावे, आणि त्यात शेपटाच्या गावांना तोंडाच्या गावांइतकीच मते असावीत. कालवा सल्लागार समितीच्या बैठका आज कारखाने आणि पुढारी यांच्या सोयीने होतात. तिथे प्रेक्षक म्हणून बसायला कायदा आडवा येत नाही. रब्बीच्या आधीच्या बैठकीला या सभागृहातले वीस-पंचवीस जण मागच्या हंगामाचा तक्ता मागायला आले, तर मीही तुमच्याबरोबर येईन.